शेळ्या मोजायच्या नसतात

माझी शाळा वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, धनगरवस्तीवर. मी भोरला राहते, स्कूटीवरून जाते-येते. मीही धनगराचीच, पलीकडच्या डोंगरावरची. पण हे अकरा वर्षांत शाळेत कुणाला सांगितलं नव्हतं. वर्गात माझी भाषा पुस्तकातली, आणि खोटं कशाला बोलू, मला तिचा तोरा होता.

दुसरीत एक मुलगी होती. शुक्रवारी अंकांची तोंडी चाचणी घेताना मी मोठ्या हुशारीनं तिच्या ओळखीचं उदाहरण काढलं. "तुमच्या घरी शेळ्या किती आहेत?" ती गप्प. पुन्हा विचारलं, तरी गप्प. "रोज चारायला नेतेस ना? मग सांगता येत नाही?" मी आवाज चढवला. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. मी वहीत 'अंकज्ञान नाही' असा शेरा मारून मोकळी झाले.

शाळा सुटताना तिचे वडील दाराशी आले. शेरा ऐकून म्हणाले, "बाई, डोस्क्यात शिरत न्हाई तर कशाला बसवायची? सोमवारपास्नं शेळ्यांमागं धाडतो." ते रागावलेही नव्हते, त्यामुळे मला जास्तच लागलं.

घरी आले, पण जिवाला चैन पडेना. भाजी करपली. या खोलीतून त्या खोलीत येरझाऱ्या घातल्या, मग उगाचच आईला फोन लावला. ती म्हणाली, "तुजे वडील वाडग्यापाशी हायेत. शेळ्या आत घेत्यात."

तेव्हा आठवलं. वडील वाडग्याच्या, म्हणजे शेळ्यांच्या कुंपणाच्या, दारात उभे राहून एकेकीचं नाव घेत, तांबडी आली, कानफाटी आली. बोट दाखवायचं नाही, आकडा तोंडातून काढायचा नाही. मोजल्या की घटतात, असं आमच्यात मानतात. मी दुसरीत असताना गुरुजींनी मलाही हेच विचारलं होतं आणि गप्प बसले म्हणून छड्या मारल्या होत्या. हे मी विसरले कशी? स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

शनिवारी सकाळी तिला शेजारी बसवून पुढ्यात चिंचोके ओतले. "सांज झालीया," मी म्हणाले. "तू वाडग्याच्या दारात हुबी हाईस. कोन कोन आलं, सांग. जी आली तिचा एक चिंचोका ठिव."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "बांडी आली." चिंचोका ठेवला. पुढं तिला विचारावं लागलं नाही.

"आता चिंचोके मोज."

"सतरा."

"तीन काढले तर?"

"चौदा," ती म्हणाली, आणि काढलेले तिन्ही लगेच जागेवर ठेवले.

मी शेरा खोडला. शाळा सुटताना तिच्या वडिलांना हे सगळं करून दाखवलं. त्यांनी चिंचोके ओंजळीत घेऊन पुन्हा खाली ठेवले. "बाई, तुमी आमच्यातल्या?"

"व्हय," मी म्हणाले. एवढ्या एका शब्दाला अकरा वर्षं लागली.

"मंग सोमवारी शाळंतच धाडतो," ते म्हणाले.

मुलीनं मात्र चिंचोके माझ्याकडे सरकवले. "बाई, तुमच्या वाडग्यात कोन कोन हाय?"

मी तांबडीचा ठेवला, कानफाटीचा ठेवला, लंगडीचा ठेवला. चौथा हातातच राहिला. ती वाट बघत होती, आणि मला काही केल्या नाव आठवेना.