पारवीची पाठ

डोळा लागतो न लागतो तोच थंडी उशाशी येऊन बसते. पहाट व्हायला आली आहे. भिंतीपलीकडे पारवी, आमची करडी घोडी, पाय बदलते. खूर वाजतो, थांबतो, पुन्हा वाजतो. कुडकुडत असेल का ती?

चार दिवसांपूर्वी मी तिच्या मानेचे, छातीचे आणि पोटाचे केस कातरले. दिवसभर तळ्याकाठी माणसांना फिरवून ती घामेजते. हिवाळ्याची लव तिथं दाट, अंधार पडेपर्यंत वाळत नाही, आणि ओल्या अंगानं गारठा आत शिरतो. पाठीचे केस मात्र तसेच राखले. ही रीत तात्यांची, माझ्या वडिलांची. अंगावर झूल नाही. शेजारच्या यमुनाकाकू दारावरून जाताना रोज म्हणतात, "सगुणे, आपण शाल गुंडाळलीस, आणि मुक्या जनावराला अर्धं सोलून बांधलंस होय गं?"

मी वैरण टाकत राहते. मागच्या हिवाळ्यातही असंच मीच कातरलं होतं. त्या संध्याकाळी तात्यांनी स्वतःची घोंगडी घोडीच्या पाठीवर टाकली आणि आपण गोणपाटावर निजले. आठव्या दिवशी दवाखान्यात, छाती कफानं भरून ते वारले. मला कोणी बोल लावला नाही. पण कात्री माझ्या हातात होती.

पापणी जड होते. मधली भिंत सायीसारखी पातळ होत जाते. बोट लावते तर पलीकडे घोडीचं छप्पर नाहीच. दवाखान्यातली ती लांब खोली आहे. खाटांच्या दोन रांगांमध्ये पारवी उभी आहे. तिच्या पायाशी उकिडवे बसून तात्या खूर बघतायत.

"नाल ढिला झालाय," ते म्हणतात. वर बघत नाहीत.

"तात्या, तुम्ही?"

"मग कोण? म्हटलं, घोडी कशी आहे बघून यावं."

"आणि माझी विचारपूस?"

"तू बोलतेस की. जरा जास्तच बोलतेस. ती कुठं बोलते?"

मला हसू येतं. खाटा हलायला लागतात. आता त्या होड्या आहेत, काठाला दोरांनी बांधलेल्या. गवतावर पांढरं दव गोठलंय. तात्या त्यावरून अनवाणी चालतायत आणि गवत जराही वाकत नाही. पारवीच्या पाठीवर ते तळवा फिरवतात, कपाळाला आठ्या घालतात.

"ब्रश मारतेस वाटतं?"

"रोज. नीटनेटकी दिसावी म्हणून."

"तिथं चुकलीस. चिखल झाडायचा, केसांवरचं तिचं अंगचं तेल काढायचं नाही. झूल नसलेल्या घोडीला तेवढंच तर पांघरूण. आता पाठीला ब्रश लावू नकोस, येईल परत. वैरण वाढवलीस?"

"दीडपट."

"हं." तात्यांचं 'हं' म्हणजे शाबासकी. "आणि कातरताना काय गुणगुणत होतीस?"

मला लाज वाटते. तरी म्हणते,

"मान कातरीली बाई, पाठ ठेवीली राखून,
घोडीच्या गं अंगावर, ऊन राहू दे झाकून."

तात्या ऐकतात. तळ्यावरचं धुकं त्यांच्या गुडघ्यापर्यंत चढलंय. मला कळतं, आता विचारलं नाही तर राहून जाईल.

"पाठ राखली होती, वैरण होती. तर मग त्या दिवशी घोंगडी का काढून दिलीत तिला? मी चुकीचं कातरलं होतं का?"

ते माझं उजवं मनगट धरतात. माझा हात घोडीच्या कानाच्या मुळाशी, केसांत खोल दाबतात.

"कसं लागतंय?"

"ऊन. फडक्यात गुंडाळलेल्या भाकरीसारखं."

"कान ऊन तर घोडी ऊन. त्या दिवशीही असंच असणार."

"मग?"

"मग काय, सगू." ते पहिल्यांदा माझ्याकडे बघतात. "थंडी मला वाजत होती. सकाळपासून अंगात कसकस होती, तुला बोललो नाही. मी काकडत होतो, म्हणून वाटलं तीही काकडतेय. कान चाचपायचंसुद्धा सुचलं नाही, एवढा ताप चढलेला. ताप आधी आला, घोंगडी मागनं गेली. तुझी कात्री कुठं आली त्यात?"

"तात्या, मग वर्षभर मी—"

"ठाऊक आहे. म्हणून तर आलो. घोडीचं आपलं निमित्त."

ते पाण्याकडे वळतात. होड्यांचे दोर आपोआप सैल होतात. मी हाक मारायला तोंड उघडते, तर तोंडात थंड हवा भरते.

जागी होते तेव्हा खिडकी उजळली आहे. पलीकडे पारवी फुरफुरते, वैरण ओढते, करकर चावते. डावा हात गारठून लाकूड झालाय. उजवा उबदार आहे. निजताना साबणानं दोन्ही हात स्वच्छ धुतले होते. आता उजव्या हाताच्या पाचही नखांत करडा, चिकट मळ आहे. नाकाशी नेते. घोडीचा वास.

उठून चुलीवर पाणी तापवते. मी हात धूत नाही.