पेडल कोणी दाबलं

मी न् माझ्या बायकोनं, कमलनं, मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे घरच्या जुन्या व्हॅनच्या ब्रेकची हवा काढणं. देवदर्शन नाही, फोटो नाही... ब्रेक.

हे काम दोघांचं आहे. एकानं सीटवर बसून तीन-चार पंप मारायचे न् पेडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं चाकापाशी बसून हवा काढायचा बारका स्क्रू, निपल, ढिला करायचा, म्हणजे ऑइलसोबत हवा निघते. निपल कसला की मगच पाय उचलायचा. आधी उचलला तर हवा परत आत. कमलले कमी ऐकू ये, म्हणून मी पाना चाकाच्या ड्रमवर ठोकायचो. एक ठोका – दाब. दोन ठोके – सोड. कितीक वर्षं असंच चाललं.

त्या दिवशी शेवटच्या चाकाले ती म्हणाली, "अवो, पाय लय दुखून राह्यला."

मी म्हटलं, "मधातच सोडशीन तं सारं पहिल्यापासून करा लागते. धर मुकाट्यानं."

तिनं धरलं. सहाव्या दिवशी ती गेली. पायातली रक्ताची गाठ वर छातीत गेली म्हणे. पाय कधीपासून दुखत होता, डॉक्टरनं विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत गाडी चालवली, झरी जामणीच्या जंगलातून एकटा गाडी घेऊन आलो. भूत-बीत कधी मानलं नाही. मानणाऱ्याले तोंडावर येडा म्हटलं. म्हणून पुढचं लिहितो ते मलेच पटत नाही. पण झालं ते झालं.

चार महिन्यांनी पोरगी प्रीती आर्णीले माझ्याकडे आली, बाळंतपणासाठी. सातवा लागला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिले यवतमाळच्या दवाखान्यात न्यायचं होतं. मागच्या खेपेस एस.टी.त तिले चक्कर आलती, म्हणून मी म्हटलं, व्हॅननंच नेतो. दुपारी गाडी सुरू करून पाह्यली तर पेडल पार तळाले गेलं. चार महिने मी ऑइल पाह्यलंच नव्हतं. ब्रेक ऑइलची डबी रिकामी, पाइपात हवा. मेकॅनिक रफीक लग्नाले गेलता. अन् पोटुशा पोरीले पेडल मारायले बसवायचं नव्हतं. ती घरात झोपली होती.

मग मी डबीत ऑइल भरलं न् एक काठी घेतली. सीट न् पेडलच्या मधात अडकवली, चाकापाशी गेलो, निपल ढिला केला. थोडंसं ऑइल आलं, पेडल खाली बसलं, काठी पडली. परत उठा, परत अडकवा. चार खेपा केल्या. गुडघे बोलायले लागले. चाकाले टेकून बसलो... न् हातानं आपोआप ड्रमवर एक ठोका दिला. सवय.

गाडीत पेडलची स्प्रिंग करकरली.

मी निपल ढिला केला. निपलले लावलेल्या नळीतून खालच्या बाटलीत ऑइल जोरानं आलं, बुडबुडे फसफसत. कसला. दोन ठोके दिले. स्प्रिंग परत करकरली – पाय उचलल्यावर करकरते तशी.

उठून पाह्यलं काहून नाही, असं तुम्ही विचारसान. पाह्यलं तर थांबन, एवढंच डोक्यात होतं. तीन चाकं झाली. मधात ऑइल टाकायले समोर गेलो तेही मान खाली घालून.

शेवटच्या चाकाले ठोका दिला तर पेडल लवकर दबलं नाही. हळूहळू दबलं. थांबत, थांबत.

तेव्हा मले समजलं मी काय करून राह्यलो. मेली तरी मी तिच्याकडून कामच करून घेत होतो.

मी म्हटलं, "राहू दे कमल. बस झालं."

निपल कसला, उठलो. सीटवर कोणी नाही. काठी जमिनीवर, पडली तिथंच. पेडल दाबून पाह्यलं – दगडासारखं. अर्ध्यावरच थांबत होतं.

घरातून प्रीती म्हणाली, "बाबा, कोणाशी बोलून राह्यले?" म्हणजे पेडल दाबणारी तीही नव्हती.

रफीक लग्नाहून आल्यावर त्याले सांगितलं. तो म्हणे, "काका, निपल उघडा राह्यला की हवा कधी कधी आपोआप निघते." मी म्हटलं, जोरानं निघते काय? स्प्रिंग करकरते काय? तो हात पुसत दुसऱ्या गाडीकडे वळला.  

ब्रेकची हवा काढली त्या राती झोप आली नाही. सकाळी उजाडल्यावर परत चाकापाशी बसलो. ब्रेक चांगला होता, काम काहीच नव्हतं. तिले एकदा विचारायचं होतं, माफ केलं काय म्हणून. निपल ढिला केला, एक ठोका दिला. काही नाही. आणखी एक खेप. थेंब थेंब ऑइल मातीत पडत राह्यलं न् मी निपल उघडाच ठेवून बसलो... किती वेळ, ठाऊक नाही. डबी रिकामी झाली. हवा परत भरली.

प्रीती पिशवी घेऊन बाहेर आली. "निघायचं ना बाबा?"

"ब्रेक बिघडला."

"काल तं झाला म्हणत होते."

"झालता. मीच बिघडवला."

  मी तिची पिशवी घेतली न् आम्ही स्टँडवर आलो. एस.टी.त तिले खिडकीपाशी बसवलं. बाजूची जागा रिकामी होती, ती दोनदा बसा म्हणाली. पाय लय दुखून राह्यले, तरी मी यवतमाळपर्यंत उभाच राह्यलो.