पिंपळखारचा कर्णा

बॅटरी सरूने स्वतःच्या डोक्यावरून आणली होती. पेणच्या दुकानातून ती एस.टी.ने रोह्याला आली आणि रोह्यापासून कुंडलिकेच्या काठाने पिंपळखारपर्यंतचे अडीच कोस सरूने ती वाहिली. वजन पायलीभर भाताएवढे. हे १९६३ च्या श्रावणात, अमावास्येच्या बरोबर आठ दिवस आधी घडले. पंचायतीच्या रेडिओची तसली बॅटरी तीन-चार महिने चाले. म्हणून अमावास्येनंतर सरपंच हैबतराव जेव्हा चारचौघांत म्हणाले, "बॅटरी उतरली होती, उधाणाची सूचना ऐकणार कशी?", तेव्हा त्यांच्या घराबाहेर एकट्या सरूलाच ठाऊक होते की हा माणूस खोटे बोलतो आहे.

सरूचा नवरा शिवा म्हसकर हा पंचायतीचा शिपाई. १९६० साली सरकारी योजनेतून गावाला रेडिओ मिळाला, त्याच्याबरोबर पत्र्याचा एक मोठा कर्णाही आला. चावडीवर संध्याकाळी रेडिओ लावायचे काम शिवाचे. शेतकऱ्यांचा कार्यक्रम ऐकायला श्रोत्यांचे मंडळ बसे. कोण हजर होते, कोणी काय विचारले, याचा अहवाल दुसऱ्या दिवशी टपालाने आकाशवाणी केंद्राला जाई. दीड वर्षाने हैबतरावांनी "चावडीत गळतं, यंत्र बिघडेल" असे कारण काढून रेडिओ आपल्या माडीवर नेला. कर्णा चावडीच्या आढ्याला तसाच लटकत राहिला. मंडळ मोडले. अहवाल मात्र थांबले नाहीत, कारण उत्तम मंडळाला केंद्राकडून दरवर्षी ढाल मिळे. हैबतरावांचा पुतण्या कमळाकर हा मंडळाचा चिटणीस. तो मागच्या अहवालातली नावे पुढच्यात उतरवून काढी आणि हैबतराव खाली सही करीत.

अमावास्येला भरती दुपारची होती. वारा सुटला, उधाण आले आणि खारीच्या, खाडीकाठच्या भातशेतीच्या, बांधाला खांड पडून पाणी आत घुसू लागले. रिवाजाप्रमाणे घरटी एक माणूस चिखल-पेंढा घेऊन धावला. खांडीत आधी उतरला तो शिवा. पाण्याने बांधाचा उरलेला तुकडा त्याच्यासकट नेला. प्रेत चौथ्या दिवशी सापडले. त्याच दिवशी सरूच्या ध्यानात आले की अमावास्येच्या सकाळीच हैबतरावांचे बैल खालच्या गोठ्यातून टेकडीवरच्या शाळेत हलवलेले होते. आभाळ तोवर मोकळे होते.

तिने विचारले, तेव्हा हैबतराव म्हणाले, "बॅटरी नासकी निघाली गो. पेणवाल्यानं फसवलं." लोकांनी माना डोलावल्या. विधवा बाईच्या डोक्यावरच्या ओझ्याची साक्ष कोण धरणार?

महिन्याभराने सरू बाजाराला म्हणून रोह्याचा पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावाला गेली. तिथे इकबालचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. दुकानातला रेडिओ चालू होता आणि निवेदक अहवाल वाचत होता: पिंपळखारच्या मंडळाने अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी उधाणाची सूचना बावीस सभासदांसह ऐकली आणि बांधाची वेळेवर पाहणी केली, याबद्दल त्यांचे अभिनंदन. पुढील बैठकीत सभासद शिवा म्हसकर यांनी विचारले आहे की, खारे पाणी शिरलेल्या शेतात कोणते बियाणे घ्यावे?

सरू जागच्या जागी उभी राहिली.

"तुझ्या गावाची तारीफ झाली, सरूबाय," इकबाल हातातली डाग द्यायची तापलेली सळई खाली न ठेवताच म्हणाला. "थांब. हा शिवा म्हंजे तुझा..."

"माझाच. तेराव्यानंतर सवाल विचारतोय."

कमळाकरने जुनी नावे उतरवताना मेलेला माणूस गाळला नव्हता. आणि ढालीच्या हौसेपायी जे लिहिले, त्यात बॅटरी चालू असल्याचे हैबतरावांच्याच सहीने कबूल करून ठेवले होते. गावाला एक सांगितले, केंद्राला दुसरे. दोन्ही एकत्र ऐकणारे कोणी नव्हते, एवढ्यावरच ते निभावले होते.

"इकबालभाय, कागद घे. केंद्राला लिवायचं हाय."

"लिहितो की. 'त्या पापी, हरामखोर...'"

"नको. पापी लिवलंस तर लोक म्हनतील, बाई रडते. तारीख लिव. बॅटरी कोनच्या दिवशी आनली ती लिव. बैल कवा हलवले ते लिव. शिवा कवा मेला ते लिव. दुसरं काय बी नको."

पत्र आठ ओळींचे झाले. सरूने खाली अंगठा उठवला. पंधरवड्याने दुकानाच्या पत्त्यावर केंद्राचे कार्ड आले: चौकशी करून पत्राची खात्री पटली आहे, येत्या गुरुवारी ते श्रोत्यांच्या पत्रांत वाचले जाईल.

आता सरूला एकच काळजी लागली. गुरुवारी रेडिओ वाजेल, पण माडीवर. हैबतराव बटण पिळून तो बंद करतील आणि पिंपळखारला कळणारच नाही. ती पदर सावरून त्यांच्या ओटीवर गेली.

"दादा, गुरुवारी रेडिओवर आपल्या गावाचं येनार हाय. अष्टमीला केंद्राचा कागद आलाय. तुमचं नाव बी येनार म्हंतात."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. हैबतरावांना ढाल दिसू लागली. त्यांनी स्वतः उभे राहून रेडिओ माडीवरून उतरवला, चावडीत मांडला, कर्ण्याची तार जोडून घेतली आणि यंत्राला झेंडूची माळ घातली. गुरुवारी संध्याकाळी सारा गाव जमला. शेजारच्या वाडीवरूनही माणसे आली. सरू रेडिओला खेटून बसली होती. तिला कोणी उठवले नाही.

पत्र वाचले गेले. निवेदकाचा आवाज शांत होता. बॅटरीची तारीख, बैलांची वेळ, शिवाच्या मरणाचा दिवस. शेवटी केंद्राने आपल्याकडून जोडले होते: मंडळाने सूचना ऐकल्याचा अहवाल, आणि मरणानंतर शिवाच्या नावाने आलेला प्रश्न. तिसऱ्या ओळीला हैबतरावांचा हात पुढे आला. सरूने बटणावर तळवा दाबून धरला.

"हात काढ!"

"पंचायतीचा हाय, दादा. ऐकू द्या लोकांना."

मागून शिवाची आई धोंडुबाई ओरडली, "माझ्या मेल्या पोराच्या तोंडून सवाल विचारून घेतलास ना? मंग आता जवाब बी ऐक!"

हैबतराव उभे होते तसे राहिले. पत्र संपल्यावर एवढेच म्हणाले की अहवाल कारकुनाची चूक आहे, बॅटरी उतरलेलीच होती. हे त्यांनी पुढेही सोडले नाही. पण रेडिओ माडीवर परत गेला नाही, आणि पुढच्या निवडणुकीत सरपंचपदही गेले. नव्या पंचायतीने शिवाची जागा सरूला दिली.

तिने पहिल्याच दिवशी कर्णा चावडीसमोरच्या पिंपळावर चढवला आणि त्याचे तोंड हैबतरावांच्या माडीकडे केले.

"गावाकडं फिरव गो," बाया म्हणाल्या.

"गावाला बी ऐकू येतंय."

खरोखरच येत होते. बाजारभाव, बातम्या, बियाणांची माहिती, सगळे सगळ्यांना. पण हवामानाची सूचना लागली की सरू आवाज शेवटपर्यंत पिळी. हैबतरावांच्या घरी पाहुणे असोत, सोयरिकीची बोलणी असोत, म्हातारे तापाने फणफणलेले असोत, समुद्र खवळलेला राहील हे वाक्य त्यांच्या खिडकीतून आत शिरायचेच. खिडकी लावली तरी शिरायचे. असे जवळपास पंचवीस वर्षे चालले. यंत्रे दोनदा बदलली. नवे सेलवर चालणारे आले. गावात दूरदर्शन आले, चावडीसमोरची गर्दी ओसरली. सरूचा नेम चुकला नाही.

एकोणनव्वदच्या जुलैत तीन दिवस पाऊस कोसळला. वीज गेली, तारा तुटल्या, रोह्याचा रस्ता पाण्याखाली गेला. घरोघरचे दूरदर्शन संच मुके झाले. सकाळी सरूच्या रेडिओवर सूचना लागली: कुंडलिकेकाठच्या लोकांनी उंचावर जावे. माडी गावात सगळ्यांत खाली, खाडीला लागून होती. हैबतरावांची सून विमल हिने कर्णा ऐकला, म्हाताऱ्याला खुर्चीत घातले आणि कमळाकरच्या मदतीने टेकडीवरच्या शाळेत नेले. दुपारी पाणी माडीच्या तक्तपोशीला, म्हणजे खालच्या लाकडी छताला, लागले.

शाळेत गाव दाटीवाटीने बसला होता. हैबतराव म्हणाले, "सरू, तुझ्या कर्ण्यानं वाचलो."

"तुमाला वाचवायला नव्हता फिरवला."

सरू त्यांच्या खुर्चीपुढे सरकली. बाहेर पाऊस तसाच चालू होता.

"त्या दिवशी बॅटरी चालू हुती का, तेवढं बोला. सगळी हायत हितं."

म्हाताऱ्याने ज्या खोलीत एकदा आपले बैल बांधले होते, तिच्या भिंती न्याहाळल्या. "हुती," ते म्हणाले. "ऐकली सूचना. बैल हलवले. वाटलं, बांध धरेल... लोकांत भ्या कशाला घालायचं."

सरूने डोळ्यांना पदर लावला नाही. ती कोपऱ्यात बसलेल्या कमळाकरकडे वळली.

"चिटनीस, लिवून घे. आजची तारीख घाल. या वक्ताला हजर मानसांचीच नावं लिव, आन् धाड केंद्राला."

कमळाकरने शाळेचीच वही घेतली. नावे लिहिली, प्रत्येक तोंडाकडे एकदा बघून. मग हळूच विचारले, "पानी उतरल्यावर कर्णा फिरवायचा ना, काकी? आता झालं की सगळं."

"नाय," सरू खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडे बघत म्हणाली. "अजून जिता हाय त्यो."