पहिल्या रेघेचा नमुना

शारजातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये खाऱ्या पाण्याची मोठी पोलादी टाकी आली होती. पोलाद गंजू नये म्हणून आतून निकेलच्या मिश्रधातूचा थर चढवायचा होता. कोणत्या वेल्डिंगने, हे तुलना करून मी लिहायचं होतं. त्यासाठी चाचणीच्या तीन प्लेटी तयार झाल्या. एकीवर हाताने रॉडचं वेल्डिंग, दुसरीवर तारेच्या मशीनचं, तिसरीवर रुंद पट्टी वितळवणाऱ्या मशीनचं.

हाताची प्लेट मामांची. वर्कशॉपमध्ये सगळेच त्यांना मामा म्हणत; आमचे सगळ्यांत जुने वेल्डर, सावंतवाडीकडचे. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. तालुक्याच्या कॉलेजातून इथे आलो तेव्हा वितळलेल्या धातूकडे बघायचं कसं, हे मला त्यांनी शिकवलं. पुस्तकात ते नव्हतं. हाताची पद्धत मागे पडली तर त्यांचा करार पुढे वाढणार नव्हता. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

वेल्डिंग करताना खालचं लोखंड वितळून वरच्या थरात मिसळतं. जितकं जास्त मिसळेल तितका थर कच्चा. थर शेजारी शेजारी मारलेल्या वेल्डिंगच्या रेघांनी भरत जातो. पहिल्या रेघेत ते मिसळणं सर्वांत जास्त असतं, कारण तिची सगळी आच थेट पोलादावर पडते. पुढची प्रत्येक रेघ थोडी आधीच्या रेघेवर चढते. म्हणून लॅबच्या तपासणीसाठी ड्रिलने धातूचा कीस पहिल्या रेघेतून काढायचं ठरलं होतं. मशीनच्या दोन्ही प्लेटींवर मी तशीच खूण केली. मामांच्या प्लेटीवर मात्र खडू मधोमध टेकवला.

मामा मागेच उभे होते.

"साहेब, चष्म्याचा नंबर वाढला काय? पहिली रेघ त्या टोकाला आहे."

"इथेही चालेल, मामा."

"कोणाला चालेल?"

ते जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अरे, उद्या ही टाकी गळली तर काय सांगशील? वेल्डर माझ्या मायेतला होता म्हणून?"

हातमोज्याने त्यांनी माझी खूण पुसली, स्वतः पहिल्या रेघेवर केली. "यल्ला, चल, ड्रिल लाव."

लॅबचा निकाल आला. मामांच्या प्लेटीत लोखंड मर्यादेपेक्षा जास्त निघालं. वर दुसरा थर दिल्यावर तीच प्लेट पास झाली, पण वेळ दुप्पट लागला. मी दोन्ही गोष्टी लिहिल्या. मॅनेजरांनी एकाच थरात पास झालेलं पट्टीचं मशीन निवडलं.

अहवाल इंग्रजीत होता. जेवणाच्या सुट्टीत मी मामांना त्यांच्या प्लेटीचा भाग मराठीत सांगितला. दोन थरांचं वाक्य त्यांनी पुन्हा सांगायला लावलं.

"रागावलात माझ्यावर?" मी विचारलं.

"त्या मधल्या खुणेचा राग आला होता. पुसली तेव्हाच खलास झाला."

करार वाढला नाही; महिनाअखेरीला त्यांचा व्हिसा रद्द झाला. कागदांवर सह्या घ्यायला मीच त्यांच्याबरोबर ऑफिसात गेलो होतो.