नेव्हिओची निळी सायकल

बाप गेल्याच्या तिसऱ्या आठवड्यात एलिजोने कोठाराचं कुलूप तोडलं. किल्ली कुठे असते हे बापाने कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. आत गवताच्या भाऱ्यांमागे, पोत्यात गुंडाळलेली, धाकट्या भावाची, नेव्हिओची, शर्यतीची सायकल एक्केचाळीस वर्षं पडून होती.

ती बाहेर काढायला आईनेच सांगितलं होतं. आर्मिदाबाई अठ्ठ्याऐंशीच्या. बापाच्या मातीहून परतल्यावर म्हणाल्या, "एलिजो, ती एकदा उभी करून दाखव मला. मी जायच्या आत."

एलिजो बेर्गामोजवळच्या कारखान्यात छत्तीस वर्षं लेथवर होता. हात असा की सगळं खोरं त्याच्याकडे सुटे भाग करून घ्यायला यायचं. बाप मात्र कधी आला नाही. बापाची मोपेड बिघडली, की म्हातारा ती तीन किलोमीटर ढकलत बोर्तोलोच्या सायकल-दुकानात न्यायचा. पोरगा अंगणात उभा राहून बघायचा. एलिजोला वाटायचं, नेव्हिओ गेल्यापासून बापाचं मनच उडालंय.

नेव्हिओ वीस वर्षांचा असताना गेला, १९७३च्या जूनमध्ये. हौशी पोरांची शर्यत होती, सेल्विनोचा घाट उतरताना एका वळणावर तो सरळ कठड्यावर गेला. लोक म्हणाले, पोराला घाई फार, ब्रेक उशिरा दाबला. एलिजोही तेच म्हणत आला. भावाची सायकल तोच सांभाळायचा. शर्यतीच्या आदल्या दिवशी दोन्ही ब्रेकच्या वायरी नव्या घातल्या होत्या त्यानेच.

स्वयंपाकघरातलं टेबल खिडकीशी ओढून त्याने काम मांडलं. सीटची दांडी नळीत अशी गच्च बसली होती की दहा दिवस तेल पाजूनही हलेना. पुढच्या चाकाचा चिमटा मागे वाकलेला. निळा रंग हात लावताच पापुद्र्यांनी गळायचा, खाली तांबूस गंज. आई शेजारी बसून चेस्टनट सोलायची आणि टोमणे मारायची.

"तुझ्या बापाने एवढ्या दिवसांत घर बांधलं होतं."

"बाबांना मदतीला चार माणसं होती."

"आणि तुला? तुला मी आहे की!"

एलिजो हसला. त्या घरात बऱ्याच वर्षांनी कुणी हसलं असेल.

पुढचा ब्रेक त्याने सगळ्यात शेवटी सोडवला. वायर तिला पकडणाऱ्या नटाखाली नव्हतीच, बाहेर मोकळी लोंबत होती. त्याने चष्मा लावून ती उजेडात धरली. नट घट्ट आवळला असता, तर वायर त्या जागी चपटी व्हायला हवी होती. ती गोलच्या गोल होती, नुसता एक लांब ओरखडा. नुसत्या बोटांनी फिरवलेल्या नटाखालून ती सरकन निघाली होती. मागच्या ब्रेकला पाना लावल्याचं त्याला लख्ख आठवत होतं. पुढच्याचं काहीच आठवेना.

तो वायर खिशात घालून बोर्तोलोकडे गेला. म्हाताऱ्या दुकानदाराने ती उलटसुलट केली.

"पडताना निसटली असेल."

"तू जन्मभर वायरी बसवल्यास, बोर्तोलो. पडताना अशी निसटते?"

बोर्तोलोने वायर परत दिली. "कॉफी घेणार?" एवढंच विचारलं.

घरी येऊन त्याने वायर आईसमोर ठेवली. सांगायला तोंड उघडलं, तर आर्मिदाबाईंनी हातातली सुरी खाली ठेवली.

"तुझ्या बापाने त्याच दिवशी बघितलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हणून कुलूप घातलं."

"बाबांना माहीत होतं?"

"आम्हा दोघांनाही. मला शपथ घातली त्यांनी. म्हणाले, एक पोरगा गेला, दुसऱ्याला कळलं तर तोही जाईल."

एलिजोला बापाने बोर्तोलोकडे ढकलत नेलेली मोपेड दिसली. एकदा नाही, शंभरदा.

"आणि तू? तुला राग नाही आला माझा?"

"आला तर! कितीतरी वर्षं तुला जेवायला वाढताना यायचा. मग म्हातारी झाले."

"मग हे काढायला का सांगितलंस, आई?"

"मला वाटलं, गंजाने सगळं खाल्लं असेल," त्या म्हणाल्या. "तुला दिसणार नाही. आणि मला ती बघायची होती रे. मी त्याचीही आई आहे."

त्या रात्री कुणी जेवायला बसलं नाही. मक्याच्या पिठाचा पोलेंता तसाच पातेल्यात घट्ट झाला.

आठवडाभर एलिजोने सायकलला हात लावला नाही. मग लावला, कारण आई रोज टेबलाकडे बघायची, मागत काहीच नव्हती. चिमटा सरळ केला, छर्रे बदलले, रंग दिला. पूर्वी या कामात जीव रमायचा. आता प्रत्येक नट आवळून झाला की तो पुन्हा आवळायचा, मग पुन्हा. एकाचे आटेच गेले. नवा घातला, त्याचेही गेले.

नोव्हेंबरात सायकल उभी राहिली. त्याने ती आईच्या खाटेपाशी नेली. आर्मिदाबाईंनी नळीवरून हात फिरवला, मान कलती करून बराच वेळ पाहिलं.

"निळा हा नव्हता," त्या म्हणाल्या. "फिका होता."

"त्याच नंबरच्या डब्यातला आहे, आई."

"असेल. पण हा नव्हता."

फेब्रुवारीत त्या गेल्या. वसंतात चर्चच्या जत्रेत जुन्या सायकलींची फेरी निघते, निळी सायकल आणशील का, असं विचारायला बोर्तोलो आला. एलिजो नाही म्हणाला, आणि का ते बोर्तोलोने विचारलं नाही. रविवारी एलिजो दफनभूमीत जातो. तिथे तिघं एका रांगेत आहेत. आई आणि नेव्हिओपाशी तो फुलं ठेवतो. बापाच्या दगडासमोर नुसता उभा राहतो. त्या माणसाने एकदा तरी आपल्या अंगावर ओरडायला हवं होतं असं त्याला वाटतं. पण ओरडणारं आता कुणी उरलेलं नाही.