ओल्या पानांचे डबे

माझे यजमान निवृत्त झाले आणि त्यांची साखर वाढली, हे एकाच महिन्यात घडलं. नोकरीच्या सगळ्या वर्षांत सोनईतल्या आमच्या स्वयंपाकघरात त्यांनी कधी स्वतःच्या हाताने पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. आता मोबाईलवर आठ दिवस व्हिडिओ पाहिले आणि ते सॅलडचे आचार्य झाले.

नगरला जाऊन त्यांनी लेट्यूस आणला, सोबत पारदर्शक डबे. फ्रीजमधली माझी फडक्यात बांधलेली मेथी बाहेर आली. सगळी पानं मिठाच्या पाण्यात बुडवायची, काढायची आणि तशीच डब्यात दाबून भरायची, असं शास्त्र त्यांनी मला ऐकवलं.

"अहो, निथळू तरी द्या," मी म्हटलं.

"ओलाव्यानेच ताजी राहतात. तू तुझी फोडणी बघ."

मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. पण घरातल्या या विद्वानापुढे माझं शिक्षण फोडणीपाशी संपत होतं.

एक दिवसाआड सकाळी भाजीवाली बाई दारावर यायची. स्वतःच्या रानातली कोवळी मेथी, करडई, कांद्याची पात आणायची. दारातूनच तिला स्वयंपाकाच्या ओट्यावरचे डबे दिसले.

"सायेब, वल्ली पानं कोंडली की सडत्यात," ती सरळपणे म्हणाली. "आदी माती झटका, पिवळी पानं काढा, कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून ठिवा. धुयाचं ते खायच्या टायमाला."

"तुम्ही भाजी विका. बाकीचं आम्हाला कळतं," हे म्हणाले.

बाईने जुडी उंबऱ्यावर ठेवली आणि पाटी उचलून गेली. मी तिथेच उभी होते. तोंडातून एक शब्द काढला नाही. ह्यांच्या अकलेची कीव करताना माझ्या त्या गप्प बसण्याचीही करावी लागते.

ती पुन्हा आली नाही.

चार दिवसांनी नणंद आणि तिचे यजमान शिंगणापूरचं दर्शन करून जेवायला आले. ह्यांनी थाटात डबा उघडला. डबक्यासारखा वास सुटला. पानांच्या कडा काळ्या पडून बुळबुळीत झाल्या होत्या. शहाणा माणूस तिथेच थांबला असता. ह्यांनी मधली पानं वेचली, लिंबू पिळलं आणि पाहुण्यांच्या ताटात वाढली.

नणंदेने एक पान दोन बोटांनी उचललं. "दादा, हे शेवाळ आहे का?"

"फ्रीज बिघडलाय," हे म्हणाले. फ्रीज दिवाळीतच घेतलेला होता.

पाहुणे गेल्यावर डबे मीच घासले. आठवडे बाजारात त्या बाईला शोधलं आणि म्हटलं, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

"जाऊ द्या बाई. सायबाला न्हाई पटलं, तुमी काय करनार?" ती म्हणाली. तिने मला इतक्या सहज माफ केलं, की मला जास्तच लाज वाटली.

तिच्याकडून आणलेली करडई तिच्या सांगण्याप्रमाणे ठेवली. तिसऱ्या दिवशीही पानं कडक होती. धुऊन, पुसून बारीक चिरली. वर कांदा, दाण्याचं कूट, तिखट, मीठ आणि कच्चं तेल घातलं. आमच्याकडचा घोळणा तो हाच. ह्यांनी भाकरीबरोबर दोनदा मागून घेतला. लेट्यूसचं नावही काढलं नाही.

महिन्याभराने ह्यांचे एक जुने सहकारी आले. हे त्यांना समजावू लागले, "पानं ओली ठेवायचीच नाहीत. कोरडं सुती फडकं घ्यायचं. व्हिडिओत सगळं असतं."

"हे व्हिडिओत नव्हतं," मी चहा ठेवता ठेवता म्हणाले. "भाजीवाल्या बाईंनी सांगितलं होतं. तुम्ही त्यांना हाकलून लावलंत."

पाहुण्यांनी कप उचलला. ह्यांनी घसा खाकरला. "हो, म्हणजे, तिनेही सांगितलं होतं."

तिनेही! पुढच्या बाजारात हे मी बाईला जसंच्या तसं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसली आणि दुसऱ्या दिवसापासून दारावर येऊ लागली. हे समोर असले, तर जुडी मात्र माझ्याच हातात देते.