शेवटची ओळ

“म्हणायचं तर मोठ्यानं म्हणा की. देवाला येतंय ऐकू, पण शेजारच्याला नको यायला?”

दर रविवारी उपासनेत पुढच्या बाकावरून मागं वळून बाई आम्हाला हे सुनवायच्या. मिशनच्या दवाखान्यातल्या निवृत्त नर्स त्या. एका हाकेत अख्ख्या वॉर्डाला जाग यावी असा आवाज.

सत्त्याण्णव साल असेल. बाईंबरोबर उभी हयात नोकरी केलेल्या केरळच्या सिस्टरला अर्धांगवायू झाला. ती कॅथलिक, आम्ही प्रॉटेस्टंट. दोघी एकाच खोलीत राहायच्या, मागंपुढं कुणी नाही. बाई तिला रिक्षात घालून आठच्या मराठी मिस्सेला, म्हणजे कॅथलिकांच्या उपासनेला, न्यायच्या आणि दहाला धापा टाकत आमच्याकडं यायच्या.

हे आमच्या चर्चच्या कमिटीला झोंबलं. बाई तिकडं मूर्तीपुढं गुडघे टेकतात, अशी आवई कुणीतरी उठवली. मी सेक्रेटरी. काय ते बघून ये म्हणून मला धाडलं, आणि मी निर्लज्जासारखा गेलो.

मागच्या बाकावर बसून पाहिलं. बाई मैत्रिणीचा लुळा हात धरून तिच्या कपाळावरून छातीवर नेत होत्या, तिची क्रूसाची खूण करून देत होत्या. स्वतः केली नाही. मग प्रभूची प्रार्थना आली. ती दोन्हीकडं एकच. फक्त ‘कारण राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझी आहेत’ ही शेवटची ओळ आम्ही लगोलग म्हणतो, कॅथलिक तिच्याआधी थांबतात आणि मधे फादर बोलतात. सगळे थांबले. बाई एकट्याच पुढं गेल्या, वॉर्डातल्या आवाजात. माना वळल्या. मैत्रीण वाकड्या तोंडानं हसली. फादर बिचारे ओळ संपेपर्यंत गप्प राहिले.

प्रभुभोजनाची भाकर वाटली तेव्हा बाई बाकावरच बसून होत्या. दुसऱ्या पंथाच्या माणसाला तिथं ती देत नाहीत.

मी कमिटीला सगळं खरं सांगितलं. पाळकसाहेब म्हणाले, “पाय तिकडं वळलेच ना?” झालं. बाईंचं प्रभुभोजन बंद. मी ब्र काढला नाही. उलट माझं अक्षर चांगलं म्हणून पत्र मीच लिहिलं, मीच नेऊन दिलं.

बाईंनी चष्मा पुसला, पत्रावर नजर फिरवली आणि ते परत माझ्या हातात ठेवलं.

“अक्षर ब्येस हाय. आता मोठ्यानं वाचा की. हिला बी ऐकू दे.”

खाटेवरून मैत्रीण माझ्याकडं बघत होती. दोन ओळींपुढं मला वाचता आलं नाही.

“ऱ्हाऊ दे,” बाई म्हणाल्या. “च्या घेऊन जावा.”

मी कमिटीवर संतापलो, पाळकांवर संतापलो, पण घरात बसून. पुढची सात वर्षं बाई दोन्हीकडं येत राहिल्या. तिकडं भाकर मिळायची नाही, इकडं भाकरीचं ताट त्यांना वगळून पुढं जायचं. ते ताट फिरवणाऱ्यांत मीही होतो. तुम्हीच सांगा, अशा माणसाला काय म्हणायचं? आजही स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

बाईंच्या मातीला दोन्हीकडची माणसं आली. पाळकांनी कबरीपाशी तीच प्रार्थना सुरू केली. शेवटच्या ओळीआधी कॅथलिक माणसं सवयीनं थांबली. आमची खाली बघत पुटपुटली. तेवढ्यात चाकाच्या खुर्चीतून आवाज आला, जड जिभेचा, अडखळणारा, पण सगळ्यांच्या वर. मैत्रिणीनं ती ओळ शेवटच्या शब्दापर्यंत म्हटली.

मीही ओठ हलवले. शेजारच्याला ऐकू गेलं नसेल.